कॅराव्हॅनमधून क्वीन्सलँड
(मंडळाच्या सभेतील भाषणावरून)

मंडळाने ‘प्रवासातील गमती’ असा विषय दिला. मी मात्र एका मुक्कामाविषयीच बोलणार आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याने ब्रिस्बेन ते केर्न्स अंतर सुमारे १७०० किलोमीटर. मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून आम्ही उभयता निघालो. झोपणे, स्वयंपाक, सारे त्यातच. इंगहॅमला दुतर्फा ऊस आणि अरुंद रुळांवरची उसाची आगगाडी! सौ. कोल्हापूरच्या, त्यांना माहेरच भेटले.

तिकडे पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. आम्ही एप्रिलअखेर गेलो, तरी कार्डवेलच्या पुढे रस्त्यावर पाणी होते. कडेची खोली दाखवणारी पट्टी अर्धा मीटर सांगत होती. समोरून एक जीप पार गेली. मी विचारात पडलो, तोच सौ. म्हणाल्या, “अहो, तिच्यामागे घर नव्हते!”

खरेच होते. कॅराव्हॅन म्हणजे हलकी, रुंद पेटी. पाण्याने उचलली की मोटारीलाही ओढून नेते. आम्ही कार्डवेलला परतलो.

दोन दिवस समोर निळा समुद्र, पण पाय बुडवायची सोय नाही. विषारी जेलीफिश आणि मगरी! शेजारच्या वृद्ध जोडप्याने केळी दिली, सौ.नी त्यांना पोहे.

तिसऱ्या दिवशी रस्ता खुला झाला. पुढच्या टली गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट आहे. १९५० साली तिथे तेवढा पाऊस पडला होता! बुटाच्या आत जिना आहे. सौ. वरपर्यंत चढल्या. मी खाली कॅराव्हॅनपाशी उभा होतो.