दोनदा शिवलेला बॅज

(एका शाळेतील माजी गाइड विद्यार्थिनींच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे जमलेल्या अनेकींच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी, एखादा जुना निळा गणवेश अजूनही घडी करून ठेवलेला असेल. त्याच्या बाहीवर कापडाचे लहान लहान बॅज असतील. याच शाळेतील एका विद्यार्थिनीच्या गणवेशावर असा एक बॅज आहे, की त्याच्या कडेने सुईच्या भोकांची एक नव्हे, दोन वर्तुळे दिसतात. आजचे बोलणे त्या दोन वर्तुळांविषयी आहे.

ही मुलगी १९७०च्या दशकात प्राथमिक शाळेत असताना प्रथम बुलबुल झाली. बुलबुलांच्या कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख आणि हीरक पंख या पायऱ्या आपल्यापैकी पुष्कळ जणींना आजही पाठ असतील. त्या वयात बॅज शिवण्याचे काम अर्थातच आईकडे असे. आई शेजारणींची पोलकी शिवून संसाराला हातभार लावी. त्यामुळे घरात शिलाई मशीन होते. पण बॅजला मशीन चालत नाही, तो हातानेच शिवायचा, असा आईचा दंडक होता. बॅज आधी मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, म्हणजे पहिल्या धुण्यात त्याचा रंग बाहीवर उतरत नाही, अशी तिची समजूत होती. मग चार टाचण्या, मग कच्चा धावदोरा आणि त्यानंतर कडेने बारीक हेम. मुलगी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देई. तिचा वाटा तेवढाच.

गाइड झाल्यावर मात्र आईने सुई तिच्या हाती दिली. पहिला बॅज शिवताना जे बहुतेक सर्वांचे होते तेच तिचेही झाले. टाका बाहीच्या दोन्ही पदरांतून गेला आणि सकाळी घाईघाईने गणवेश घालताना हात मध्येच अडकला. शाळेला उशीर झाला तो वेगळाच. त्या दिवसापासून बाहीच्या आत वाटी घालून वरचा पदर ताणून धरायचा आणि मगच सुई टोचायची, हे ती शिकली. शिवणाच्या तासाला उलटी टीप आणि काजटाका शिकविला जाई, पण ही वाटीची युक्ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

येथे थोडे मागे वळून पाहणे उचित ठरेल. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १९०९ साली स्काउट मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली कोणाच्याही निमंत्रणाची वाट न पाहता स्काउटच्या वेशात तेथे दाखल झाल्या. त्यांच्यासाठी पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांनी आपली भगिनी अ‍ॅग्नेस हिच्या साह्याने गर्ल गाइड ही चळवळ उभी केली. १९११ मध्ये जबलपूर येथे हिंदुस्थानातील पहिले गाइड पथक निघाले. परंतु ते युरोपियन समाजातील मुलींचे होते. येथील मुलींना दार उघडले ते काही वर्षांनी. मुलांच्या बाबतीतही हाच अनुभव होता. म्हणूनच अ‍ॅनी बेझंट यांनी आणि पुढे पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी स्वतंत्र भारतीय स्काउट संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातील स्काउट संघटना ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या नावाने एकत्र आल्या. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड मुलीही त्यात सामील झाल्या. साम्राज्याच्या गरजेतून जन्मलेली ही चळवळ या देशाने आपल्या पद्धतीने आपलीशी केली. जगभरच्या गाइड मुलींसाठीचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र १९६६ साली पुण्यात उघडले, ही गोष्ट पुण्याच्या शेजारी राहणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते.

तर पुन्हा त्या मुलीकडे. तिच्या शाळेत ‘खरी कमाई’चा दिवस मोठ्या उत्साहात साजरा होई. (भेळेचे पैसे मुलींचे आणि चिंचेची चटणी आईची, हा प्रकार तेव्हाही होताच, त्या कमाईला खरी म्हणावे काय, हा प्रश्न कोणी विचारत नसे.) प्रथमोपचाराचा बॅज मात्र असा मिळत नसे. त्याची परीक्षा गावातील एक डॉक्टर घेत. झोळी बांधणे, रक्तस्राव थांबविणे, भाजल्यावर काय करावे, सारे तिने घडाघडा सांगितले आणि करूनही दाखविले. डॉक्टरांनी शेरा दिला. त्याच रात्री वाटीवर बाही ताणून तिने बॅज शिवला. आईने टाके पाहिले आणि काही न बोलता सुई डबीत ठेवली. घरात ती शाबासकीच समजली जाई.

यानंतर महिनाभरातच धाकट्या भावाच्या मनगटावर उकळता चहा सांडला. आई बाजारात गेली होती. शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, “अगं, दौत आण आधी, शाई लाव!” मुलीला काय करायचे ते ठाऊक होते. भाजलेला भाग थंड पाण्याखाली बराच वेळ धरायचा, दुसरे काहीही लावायचे नाही, हे तिने परीक्षेत सांगितले होते. हाकेच्या अंतरावर नळ होता. पण भावाचे रडणे, काकूंचे वय आणि त्यांचा अधिकारवाणीचा स्वर यांपुढे तिची जीभ उचलली नाही. तिने दौत आणून दिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ती शाई पुसून काढताना मुलगा कळवळला. डॉक्टरांनी बहिणीकडे एकदाच पाहिले. परीक्षा घेणारे डॉक्टर तेच होते.

घरी कोणीही तिला दोष दिला नाही. काकूंनी तर दुसऱ्या दिवशी भावासाठी शिरा पाठविला. रात्री सारे निजल्यावर मात्र तिने ब्लेडने एकेक टाका उसवला. सकाळी आईने रिकामी बाही पाहिली. विचारले काहीच नाही. शनिवारी कंपनी भरली, तेव्हा मुलीने बॅज गाइड कॅप्टन असलेल्या बाईंच्या हातात ठेवला आणि घडले ते सांगितले. गाइड विश्वासास पात्र असते, हा गाइडच्या नियमांतील पहिला नियम सर्व मुलींना तोंडपाठ होता. त्या दिवशी तो म्हणताना तिचा आवाज फुटला नाही.

बाईंनी समजूत घातली नाही, रागावल्याही नाहीत. “बॅज माझ्या टेबलाच्या खणात राहील. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा दे,” एवढेच त्या बोलल्या.

दुसऱ्या परीक्षेत डॉक्टरांनी पुस्तकातले काहीच विचारले नाही. त्यांनी कंपाउंडरला समोर उभे केले आणि सांगितले, “हे तुझे काका. शाई लावायला निघालेत. थांबव त्यांना.” कंपाउंडर वयाने मोठे, स्वभावाने विनोदी. त्यांनी दौत मागितली, दरडावले, “मोठ्यांना शिकवतेस?” असेही म्हणाले. मुलगी प्रथम अडखळली. मग तिने त्यांचे मनगट धरले आणि “काका, आधी पाणी,” असे म्हणत त्यांना दवाखान्याच्या नळापर्यंत अक्षरशः ओढत नेले. शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली, तरी तिने हात सोडला नाही. डॉक्टर घड्याळ पाहत उभे होते. पुरे असे त्यांनी पुष्कळ वेळाने म्हटले.

त्या रात्री बॅज पुन्हा त्याच जागी शिवला गेला. उसवताना कडेचे धागे सुटले होते, म्हणून या खेपेस टाके थोडे आत घ्यावे लागले. जुनी भोके बाहेरच्या अंगाला तशीच राहिली. इस्त्रीनेही ती बुजली नाहीत. पुढे ती स्वतः शिक्षिका आणि गाइड कॅप्टन झाली. बाहीवरचे दुसरे वर्तुळ कशाचे, असे कोणी मुलीने विचारले की ती आधी त्या मुलीला नळाकडे घेऊन जाई, आणि हकीकत तेथे, वाहत्या पाण्याखाली हात धरून सांगे.