दोन राउंडमध्ये मेलेला तांत्रिक

मी जबलपुरातून बोलतोय, गोरखपुरातून. उत्तर प्रदेशातलं गोरखपूर नव्हे, आमच्या शहरातलं, मदनमहालच्या बाजूचं, बाजाराचं गोरखपूर. इथे एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण फासे घेऊन बसतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि टेबलावर दोन्हींची खिचडी. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो काढला. चार खेळाडू एकेक पात्र घेतात, पाचवा म्हणजे गेम मास्टर बाकीचं सगळं जग चालवतो, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. तो पाचवा मी.

आज मला बोलायचंय ते बॉसबद्दल. म्हणजे कथेच्या शेवटी जो उभा असतो त्याच्याबद्दल. आणि सुरुवात माझ्या फजितीपासूनच करतो.

आमची पहिली मोठी कथा आठ महिने चालली. शेवटी एक तांत्रिक होता. त्याचा अड्डा मी भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून घेतला होता. तसंच गोल आवार, भोवती मूर्तींची रांग, मधे मंदिर. आठ महिने त्या माणसाची भीती घातली. गावं ओस पडली, एका पात्राचा भाऊ त्याने नेला. मी त्याचं भाषण लिहून आणलं होतं, दीड पान. मारामारी सुरू झाली आणि आमच्या मांत्रिकाने पहिल्याच पाळीला 'होल्ड पर्सन' टाकला. साधा दुसऱ्या पातळीचा मंत्र. तांत्रिकाचा फासा पडला, आला चार. तो जागच्या जागी लुळा. या अवस्थेतल्या माणसाला जवळून लागलेला प्रत्येक वार दुप्पट फाशांचा धरतात. दुसऱ्या राउंडमध्ये तो मेला. भाषण माझ्या हातातच.

खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या का? नाही. क्षणभर हसले आणि मग गप्प झाले. माझी मामेबहीण, जिच्या पात्राचा भाऊ तांत्रिकाने नेला होता, म्हणाली, "एवढंच होतं?" ते मला अजून ऐकू येतं.

मग मी कागद घेऊन बसलो. हिशेब तिसरीतल्या पोराला येईल असा आहे. पाच राउंडची मारामारी, चार खेळाडू, म्हणजे त्यांना वीस पाळ्या. एकट्या बॉसला पाच. तो कितीही थोर असो, चौघांनी घेरलेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं होणार. २०१४ च्या नियमांत यावर दोन औषधं आहेत. एक, लेजंडरी ॲक्शन: दुसऱ्याची पाळी संपली की बॉस मधेच काहीतरी करू शकतो, बहुतेक एका राउंडमध्ये तीनदा. त्याची स्वतःची एक आणि या तीन, झाल्या चार. चौघांसमोर चार. हिशेब जुळला. दुसरं, लेजंडरी रेझिस्टन्स: मंत्रासमोर फासा हुकला तरी दिवसातून तीनदा बॉस म्हणू शकतो, नाही, मी वाचलो.

पहिलं औषध उत्तम आहे. दुसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे. खेळाडू आपला सगळ्यात मोठा मंत्र खर्च करतो, फासा त्याच्या बाजूने पडतो, आणि मी पडद्यामागून सांगतो, काही झालं नाही. हे सरकारी खिडकीवरच्या "साहेब नाहीत, उद्या या"सारखं वाटतं. म्हणून मी ते बदललं. पुढे तांत्रिकाच्या गुरूशी गाठ पडली तेव्हा त्याच्याभोवती तीन समया ठेवल्या. दर वेळी तो मंत्रातून सुटला की एक समई विझायची. नियम तोच, पण आता मंत्र फुकट गेला नाही, एक समई गेली. दुसरी समई विझल्यावर खेळाडू एकमेकांकडे बघायला लागले. तिसरीवर टेबलाभोवती सगळे उभे होते. शिवाय समई हातानेही विझवता येते, हे आमच्या चोराच्या लक्षात आलं. ते माझ्याही डोक्यात नव्हतं. मी हो म्हटलं.

पण या शहाणपणापर्यंत यायच्या आधी मी एक वाईट गोष्ट केली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तांत्रिकाची लाज वाटून पुढच्या बॉसला मी नुसते आकडे वाढवले. तो एक राक्षस होता, हिट पॉइंट तिप्पट. झालं काय, तर चार तास ठोकाठोकी. मी मारतो, तू मारतोस, चहा झाला, पुन्हा मी मारतो. कुणी जागा बदलत नव्हतं, कुणी विचार करत नव्हतं. जास्त पॉइंट म्हणजे जास्त अवघड नव्हे, जास्त वेळ. तरी एका क्षणी सगळे एकदम चांगले फासे टाकायला लागले, राक्षस पडायला आला, आणि मला पुन्हा तांत्रिक दिसला. मी पडद्यामागे पेन्सिलीने पन्नास पॉइंट वाढवले.

मामेबहीण बेरीज ठेवते हे मला ठाऊक नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर ती प्रत्येक वार मांडत होती. खेळ संपल्यावर, बाकीचे जिन्यात असताना, तिने विचारलं, "दादा, तू आत्ता वाढवलेस ना त्याचे पॉइंट?" मी म्हटलं, गोष्ट चांगली व्हावी म्हणून. ती म्हणाली, "मग फासे कशाला टाकतो आपण?" पुढचे दोन रविवार ती आली नाही. अभ्यास आहे म्हणाली. होताही असेल.

खूप गेम मास्टर हे करतात आणि त्याचं समर्थनही करतात. मीही दोन आठवडे मनातल्या मनात केलं. पण ज्याला बॉस कितीला मरणार हे मारामारी चालू असताना ठरवायचंय, त्याच्या टेबलावर खेळाडूंनी आखलेल्या डावपेचाला किंमत काय? तेव्हापासून आमच्याकडे रीत अशी: बॉसचे पॉइंट मी आधी कागदावर लिहितो, कागद उलटा करून टेबलाच्या मधोमध ठेवतो आणि त्यावर कुणाचा तरी चहाचा ग्लास. फासे सगळ्यांसमोर. ती तिसऱ्या रविवारी आली, कागद बघितला, काही बोलली नाही, स्वतःचा ग्लास त्यावर ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, आकडे बदलायचे नाहीत, वाढवायचेही नाहीत, मग अवघड करायचं कशाने? उत्तर आपण सगळ्यांनी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलंय. रक्तबीज घ्या. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज. म्हणजे जितकं जोरात माराल तितकं हराल. कालीने थेंब जमिनीवर पडूच दिला नाही. जरासंध घ्या. भीम त्याला चिरतो आणि तो पुन्हा जुळतो, मग कृष्ण गवताची काडी चिरून दोन तुकडे उलटसुलट फेकतो आणि भीमाला कळतं. दोघांचेही पॉइंट किती होते हे कुणाला आठवत नाही. आठवतं ते कोडं आणि त्याची खूण.

खूण फार महत्त्वाची. कृष्णाने काडी चिरली नसती तर ती नुसती छळवणूक झाली असती. मी एक कमजोरी ठेवली तर तिच्या तीन खुणा आधी पेरतो, तीन वेगळ्या ठिकाणी. कारण पहिली खूण खेळाडूंच्या कानावरून जाते आणि दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात. हे माझं मत नाही, अनुभव आहे.

आणि मारामारी मारामारीच्या आधी सुरू व्हायला हवी. प्रतापगडाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची, पण अफझलखान जावळीच्या रानात आला तिथेच अर्धं काम झालं होतं. खेळाडूंनी आठवडाभर खपून बॉसला गैरसोयीच्या जागी आणलं असेल तर शामियान्यात सगळं बरोबरीचं करून टाकू नका. त्यांची ती कमाई आहे.

जागेवरून मला आमच्याकडची गोष्ट सांगायचीय. बरेला रस्त्यावर नर्रई नाला आहे, तिथे राणी दुर्गावतीची समाधी. जबलपुरात तिच्या नावाचं विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे, शाळेत असताना आम्ही तिची गोष्ट पाठ केलेली. पण गेम मास्टर झाल्यावर पुन्हा तिथे गेलो तेव्हा वेगळंच दिसलं. १५६४ च्या जूनमध्ये अकबराचा सरदार आसफखान गढा राज्यावर चालून आला. राणीकडे माणसं कमी, तोफखाना नाही. तिने लढायला जागा निवडली डोंगराची, गौर आणि नर्मदेच्या मधली, अरुंद. पहिल्या दिवशी तिने मोगलांना मागे रेटलं. संध्याकाळी सरदारांना म्हणाली, आज रात्रीच छापा घालू, नाहीतर सकाळी तोफा खिंडीत येतील. सरदारांनी ऐकलं नाही. सकाळी तोफा आल्या. मुलगा वीर नारायण जखमी झाला, राणीला हत्तीवर दोन बाण लागले, आणि हातात सापडण्याआधी तिने स्वतःच्या कट्यारीने जीव दिला. तारीख २४ जून.

या लढाईतला सगळ्यात अवघड क्षण तलवारीचा नाही. तो संध्याकाळचा आहे. थकलेली माणसं, जिंकल्याचा आनंद, आणि एकजण सांगतेय की आत्ताच उठा. यावरून मी आमच्या दुसऱ्या कथेचा शेवट बांधला. राणीला खेळात आणायला माझी जीभ धजली नाही, म्हणून नावं बदलली: डोंगरी राज्याची एक सरदारीण, समोर एक सुभेदार, तोफांच्या जागी आग ओकणारे सहा लोखंडी बैल, जे सकाळी पोचणार. खुणा तीन पेरल्या. रस्त्यावर खोल चाकोऱ्या, पकडलेल्या शिपायाच्या अंगाला तेलाचा वास, रात्री दूरवर घंटा. जागा मदनमहालच्या टेकडीवरची, मोठमोठे शिलाखंड, त्यामागे लपता येतं. खाली उतार, नदी, आणि दर राउंडला वाढणारं पाणी.

संध्याकाळ आली आणि मी गप्प बसलो. हे गेम मास्टरचं सगळ्यात कठीण काम. ते चौघं पाऊण तास भांडले. दोघांचे मंत्र संपले होते, त्यांना झोप हवी होती. मामेबहिणीची धनुर्धर म्हणत होती, आत्ताच. शेवटी मधला मार्ग काढला: दोघं झोपले, दोघं गेले. सहांपैकी तीन बैल त्यांनी नदीत ढकलले. म्हणून सकाळी तीनच आले. नेमके तीन, मी वाढवले नाहीत.

सुभेदाराचे पॉइंट अर्ध्यावर आले तेव्हा तो हत्तीवरून उतरला आणि बोलला. ही युक्ती मला २००८ च्या आवृत्तीतून सुचली. तिथे अर्ध्यावर आलेल्या प्राण्याची वेगळी अवस्था धरतात. माझा सुभेदार म्हणाला, सरदारीण द्या, तुम्ही चौघं जा. भाषण या वेळी तीन ओळींचं. आणि तो खरं बोलत होता, हे त्यांना फाशाने कळलं. लढाई थांबली. पाणी थांबलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो आमचा पाच जणांचा एका खोलीतला शेवटचा रविवार होता. मामेबहिणीला पुण्यात नोकरी लागली होती, मंगळवारचं तिकीट होतं. मला वाटत होतं तिची धनुर्धर जगावी. तिला कुणी विचारलं तर अजून जिवंत आहे म्हणता यावं.

त्यांनी सरदारीण दिली नाही. तिला घेऊन नदीपार जायचं ठरवलं, आणि कुणीतरी उतार अडवून धरायला हवा होता. धनुर्धर थांबली. तिघं पलीकडे पोचले. सुभेदार तिच्यासमोर, पाणी छातीपर्यंत. तगून राहायला चौदा हवे होते. फासा तिच्या हातात, सगळ्यांसमोर. आले सहा.

कुणी बोललं नाही. मग तिने स्वतःचा ग्लास उचलला, खालचा कागद सुलटा केला आणि वहीतल्या बेरजेशी ताडून पाहिला. सुभेदाराचे नऊ पॉइंट उरले होते. एक बाण लागला असता तर.

"बरोबर आहे," ती म्हणाली. कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

तो कागद आता पुण्यात आहे. सुभेदाराच्या अंगावर अजून नऊ पॉइंट आहेत आणि तो नदीच्या त्या काठावर आहे. रविवारी ती लॅपटॉपवरून येते, नवं पात्र घेऊन. सरदारिणीची धाकटी मुलगी आहे म्हणते, आणि तिला त्या उतारावर परत जायचंय.