नातवंडांसह मोरांच्या डोंगरात

नातवंडांना डोंगरातलं जंगल दाखवायला बीडकरांना लांब जायला नको. पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये खास मोरांसाठी राखलेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. जायचं ते पहाटे किंवा उन्हं कलल्यावर. भर दुपारी मोर झुडपांच्या सावलीत बसतात आणि नातवंडं आजोबांचं डोकं खातात! पावसाळ्याच्या तोंडावर पिसारा पूर्ण भरलेला असतो. पाऊस सरता सरता तो गळतो, मग नव्यानं वाढू लागतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत थुईथुई नाच दिसणं अवघड, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. लांडोरीला तर तसा पिसारा नसतोच. त्याच तालुक्यात सौताड्याचा धबधबाही आहे; तिथल्या पायऱ्या मात्र गुडघ्यांना विचारून उतराव्यात.