बोटांना दिसणारे शिल्प

(ब्रह्मपुरी येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शाळेत चित्रकलेचा तास सुरू झाला की वर्गातील अंध अथवा अंशतः अंध विद्यार्थ्याला बहुधा बाजूस बसविले जाते. त्याला त्रास होऊ नये हा त्यामागील हेतू चांगलाच असतो. परंतु कला ही केवळ डोळसांची मिरास आहे, ही समजूत त्यामुळे त्या मुलाच्या आणि साऱ्या वर्गाच्या मनात रुजते. ही समजूत खरी नाही, हे अनेक कलावंतांनी आपल्या कृतीने दाखवून दिले आहे.

शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. एका डोळ्याने काहीच दिसत नसे, तर दुसऱ्याची नजर मंद होती. तरीही नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून ते भारतातील अग्रगण्य भित्तिचित्रकार झाले. १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी काम थांबविले नाही, साधन बदलले. मेण व माती यांतून ते मूर्ती घडवू लागले, कागदाला घड्या घालून व तो कापून आकृती करू लागले. १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी फरशीच्या तुकड्यांचे मोठे भित्तिशिल्प सिद्ध केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर अनुबोधपट काढला. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा बहुमान मिळाला.

स्पर्शाची स्वतंत्र रीत

मुखर्जींनी दीर्घकाळ पाहिलेले जग त्यांच्या स्मरणात होते, असा आक्षेप कोणी घेईल. मग ज्यांनी कधीच पाहिले नाही त्यांचे काय? व्हिएन्ना येथील अंधशाळेत व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९३८ पूर्वीच्या काळात नेमका हाच प्रश्न हाताळला. अंध मुलांच्या हाती माती दिली असता ती डोळसांच्या मूर्तीची नक्कल करीत नाहीत, असे त्याला आढळले. मुखवटा करताना मूल आधी डोळ्याची खोबण करी, तीत बुबुळ बसवी आणि मग त्यावर पापणी ओढी. ओरडणाऱ्या माणसाचे तोंड चेहऱ्याच्या मानाने मोठे होई, कारण त्या क्षणी शरीराला तोंडाचीच जाणीव अधिक असते. ही प्रमाणाची चूक नव्हे. डोळा वस्तू एका नजरेत पाहतो, तर हात ती क्रमाक्रमाने, भागाभागांनी जाणून घेतो व शेवटी तिची जुळणी मनात करतो. अशा शिल्पाची जडणघडण निराळी असणारच.

शिवाय हाताला केवळ आकार कळतो असे नाही. दगडाचा गारवा, लाकडाचे वजन व तंतू, पोकळ बांबूचा नाद, ओल्या मातीचा वास हे सारे शिल्पाचेच घटक ठरतात. अनेक इंद्रियांनी अनुभवावयाचे शिल्प म्हणतात ते हेच. इटलीतील आंकोना येथे एका अंध दांपत्याच्या प्रयत्नाने १९९३ मध्ये स्पर्शाचे संग्रहालय सुरू झाले. तेथे मूर्तींना हात लावण्यास मनाई नाही, उलट आग्रह आहे. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये स्पर्शाने पाहावयाचे दालन उघडण्यात आले.

आपल्या परिसरातील सामग्री

ब्रह्मपुरीच्या भागाला यासाठी बाहेरून काही आणावे लागणार नाही. बोडीतील चिकणमाती, बांबू, धानाचे तणस, साग, वैनगंगेची वाळू आणि मोहाची सुकलेली फुले येथे सहज मिळतात. येथील बुरूड बांबूची कामटी किती पातळ झाली हे अंगठ्यानेच ठरवितो, आणि चाकावरील कुंभाराची बोटे मडक्याच्या भिंतीची जाडी डोळ्यांआधी ओळखतात. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने मातीकामाला जिल्ह्यात नवे वळण दिले. वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी अंधांसाठी शाळा उभी केली. तेथे तर स्पर्शाची संवेदना हरवलेल्या कुष्ठमुक्तांच्या हातांनीही उत्तम वस्तू निर्माण केल्या. मग ज्यांचे हात अधिक जागे आहेत, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवण्यास संकोच कशाला?

पोळ्याला मातीचे बैल घडविण्याची व तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरविण्याची रीत घरोघरी आहे. शाळेने या दिवसांत सर्वच मुलांना, पाहिजे तर डोळ्यांवर पट्टी बांधून, मातीचा बैल करावयास सांगावा. शिंगांचे वळण, वशिंडाचा उंचवटा, गळ्यातील घुंगरांचा नाद यांची जाण कोणाच्या हाताला अधिक आहे, हे तेव्हा वर्गालाच कळेल. अंशतः अंध मुलासाठी भडक व परस्परविरोधी रंग, पुरेसा उजेड आणि कामाच्या पाटाला उंच कडा एवढी सोय पुरते. मार्कंडा येथील मंदिरशिल्पांच्या लहान प्रतिकृती गावच्या कारागिराकडून करून घेतल्यास, पुस्तकातील चित्राने जे साधत नाही ते या मुलांना साधेल.

कायदा व कर्तव्य

ही केवळ सद्भावनेची बाब राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम २९ अन्वये दिव्यांग कलावंतांना सुविधा व साहाय्य देणे, कला त्यांच्या आवाक्यात आणणे आणि कलाविषयक अभ्यासक्रमांची त्या दृष्टीने फेररचना करणे, यांसाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणे यांवर आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावयाची असते. या रकमेतून चाक, माती, हत्यारे व कारागिराचे मानधन यांची तरतूद होऊ शकते काय, याचा विचार पंचायतींनी नियम पाहून करावा.

एका गोष्टीचे मात्र भान ठेवले पाहिजे. अंधाने केले म्हणून वाहवा करणे हे त्याच्या कलेचा मान राखणे नव्हे. काम फसले तर फसले असे सांगावे, कोठे फसले ते त्याच्या हाताला दाखवावे, आणि काम चांगले असेल तर त्याचे योग्य मोल द्यावे. विनोदबिहारींचे भित्तिशिल्प दयेपोटी तेथे लावलेले नाही. ते उत्तम आहे म्हणून आहे. त्याच कसोटीवर उतरण्याची संधी आपल्या भागातील मुलांना मिळावी, आणि येत्या पोळ्यापासून चित्रकलेच्या तासाला एकही मूल रिकाम्या हातांनी बसून राहू नये, एवढा निर्धार प्रत्येक शाळेने व पंचायतीने केला तरी पुष्कळ होईल.