शारदा, यमू, सिंधू, भानुमती आणि वैजयंता घाटकोपरला उतरतात

(उपनगरांतल्या महिला गटांच्या लेखन-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सगळ्या मिळून एक मोठी गोष्ट लिहायला घेतो आहोत. त्यातल्या बायका आपल्या कल्पनेतल्या नाहीत. वेगवेगळ्या लेखकांच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या नायिका उचलायच्या आणि एका जागी एकमेकींसमोर आणायच्या, असं ठरलं आहे. अंधेरी-बोरिवलीकडून शारदा, यमू आणि भानुमती ही नावं आली, मुलुंड-घाटकोपरकडून सिंधू आणि वैजयंता. गोष्ट घडणार कुठे आणि कथानक कसं बेतायचं, यावर मी बोलावं असं मला सांगितलं आहे.

आधी एक शंका निकालात काढू. दुसऱ्याचं पात्र असं उचलावं का? अहो, आपल्या आज्या-पणज्यांनी दुसरं काय केलं? जात्यावर बसल्या की सीतेला हाक मारायच्या, आणि ती सीता राजवाड्यातली राहायचीच नाही, सासुरवासाला कंटाळलेली शेजारची सून व्हायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एकीने ओवी सोडायची, दुसरीने पुढे न्यायची. कुणाची कुठली ओळ, हा हिशेब कुणी ठेवला नाही.

कायद्याचा हिशेब मात्र ठेवावा लागेल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. देवल १९१६ साली गेले, हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ साली. म्हणजे शारदा, यमू, सिंधू मोकळ्या आहेत. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले आणि मो. ग. रांगणेकर १९९५ साली, म्हणून वैजयंता आणि भानुमती यांच्यासाठी गोष्ट छापण्याआधी परवानगीचं पत्र लिहायचं. ते काम आजच कुणीतरी अंगावर घ्या.

आता जागा. बहुतेकींनी लेडीज डबा सुचवला. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ला सुरू झाली, तिच्यात भाज्या निवडल्या गेल्या, हळदीकुंकू झालं, भांडणं झाली. डबा चांगलाच आहे. पण डब्यात एक अडचण आहे : पश्चिम रेल्वेची बाई मध्य रेल्वेच्या बाईला भेटत नाही. म्हणून मला घाटकोपर स्टेशनचा पूल बरा वाटतो. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दोन्ही रेल्वेंच्या बायका त्या पुलावर एकमेकींना धक्के द्यायला लागल्या. शिवाय अण्णाभाऊ राहायचे ते चिरागनगर तिथून जवळ. वैजयंतेला कुठूनही यायला नको, ती तिथलीच.

काळाचं काय करायचं? सगळ्यांना साड्या बदलून आजच्या केलं तर त्यांच्यात आणि आपल्यात फरकच उरत नाही. माझं म्हणणं, प्रत्येकीने आपापला काळ अंगावर घेऊन यावं, आणि लेखकाने तिचा शेवट ठरवायच्या आदल्या क्षणी यावं. यमूचंच बघा. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० साली निघालेल्या 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. मुंबईत नवऱ्याबरोबर सुखाचे दिवस काढलेली यमू विधवा होते आणि तिचं केशवपन जबरदस्तीने होतं. त्याच १८९० साली याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा भरवली आणि विधवांचे केस आम्ही कापणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. कादंबरीतल्या यमूला ही बातमी कळलीच नाही. आपल्या गोष्टीत ती कुणी तिच्या कानावर घालावी? मला वाटतं वैजयंतेने. तमाशातल्या बाईला गावच्या, शहराच्या बातम्या आधी कळतात.

शारदेबद्दल थोडक्यात. १८९९ सालच्या नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाशी तिचं लग्न मोडतं ते सगोत्र निघाल्यामुळे. वय कोवळं आहे म्हणून नाही, तिला नको आहे म्हणून तर नाहीच! ती पुलावर येईल तेव्हा एवढाच प्रश्न विचारेल : गोत्र वेगळं असतं तर? (१९२९ सालच्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं असं अजून बऱ्याचजणी सांगतात. ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आहे. गोष्टीत हा घोटाळा आणायला हरकत नाही, शारदेलाही गंमत वाटेल.)

भानुमती आणि वैजयंता यांच्यासाठी मात्र भरपूर पानं ठेवा. 'कुलवधू' १९४२चं. भानुमती अभिनय करते, नाव कमावते, आणि ते नवऱ्याला खुपतं. ज्योत्स्नाबाई भोळ्यांची भानुमती म्हणून त्या नाटकाचं केवढं कौतुक झालं! वैजयंताही कलेवरच पोट भरते. पण एकीला कुलवधू म्हणायचं आणि दुसरीला नाचणारी. या दोघी पुलावर गळ्यात गळे घालणार नाहीत. भानुमती पदर सावरून बाजूला सरकेल, आणि वैजयंतेला ते दिसेल. तिथे घाईने समेट करू नका. आपल्या पाचांतल्या चौघी पांढरपेशा घरांतल्या आहेत, हे आपल्या निवडीबद्दलही काही सांगतं.

आणि सिंधू. कथानकाचा कणा तीच. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली. लोकांचं दळण दळून ती घर चालवते. नवऱ्याच्या मारात मूल जातं, ती स्वतः मरणाला टेकते, फौजदार समोर उभा असतो, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नाही. प्रेक्षक शंभर वर्षं डोळे पुसत आले. जळीत वॉर्डात गेलेल्या तुमच्यापैकी कितीजणींनी हाच जबाब ऐकलाय? 'स्टोव्ह भडकला.' १९८३ साली ४९८-अ आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, २०२४पासून तेच ४९८-अ न्यायसंहितेच्या ८५व्या कलमात गेलं. जबाब बदलला का?

काहीजणींचं म्हणणं, आपण सिंधूला नवऱ्याचं नाव घ्यायला लावू. मला ते सोपं वाटतं. ती बोलत नाही याला कारणं आहेत : नवऱ्यावरचं प्रेम आहे, पतिव्रतेचा धडा आहे, माहेरचं नाव आहे. ती कारणं बाकीच्या चौघींनी एकेक करून तिच्याशी बोलून घ्यावीत. यमूने वेगळं बोलावं, वैजयंतेने वेगळं. मग ती बोलते की नाही, ते आधीच ठरवायचं नाही.

लिहिण्याचे नियम फार नकोत. एका गटाने एका नायिकेची जबाबदारी घ्यायची, आणि दुसऱ्या गटाच्या नायिकेच्या तोंडी काही घालायचं तर त्यांना विचारून. दुसऱ्यांच्या नायिकेला परस्पर मारायचं नाही, लग्नही लावायचं नाही. मूळ पुस्तक सगळ्यांनी वाचलेलंच हवं, सिनेमा बघून भागणार नाही.

सिंधूचा जबाब कुणी लिहायचा हे आज ठरवू नका. वॉर्डात जाणाऱ्या तिघी-चौघींनी तो वेगवेगळा लिहून आणा, नावं न घालता. पुढच्या बैठकीत ते सगळे मोठ्याने वाचू, आणि मग पुलावर सगळ्यात आधी कोण पोचतं ते ठरवू.