राजापूरचा प्रतिनिधी आणि जगाचे प्रश्न



कार्यकर्त्यांच्या बैठकांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. खासदाराने परराष्ट्र धोरणावर तासभर बोलून मतदारसंघाच्या पदरात काय पडते? गावाला रस्ता हवा, नळाला पाणी हवे, एस.टी.ची फेरी वाढवून हवी. तेथे हंगेरी, तिबेट आणि अंगोला यांचे काय प्रयोजन? ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्याच्या मताने प्रतिनिधी निवडून येतो त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, आणि समाजवादी म्हणवणाऱ्यांनी तर तो अधिकार प्रथम मान्य केला पाहिजे. मात्र त्याचे उत्तर शोधताना बॅरिस्टर नाथ पै यांच्या संसदीय कार्याकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. देशातील अत्यंत दरिद्री आणि दुर्गम अशा मतदारसंघांपैकी एकाने त्यांना १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत लोकसभेवर पाठवले, आणि त्याच नाथ पैंची गणना सभागृहातील परराष्ट्र धोरणाच्या अग्रगण्य अभ्यासकांत होत होती.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास सोसला, पुढे लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले आणि त्या काळात आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपदही भूषविले. युरोपातील समाजवादी पक्षांतील तरुण पिढी त्यांना नावानिशी ओळखत होती. असा मनुष्य मायदेशी परतल्यावर दिल्लीत किंवा मुंबईत सहज स्थिरावला असता. त्यांनी राजापूर निवडले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती हे खरे. परंतु १९६२ साली ती लाट ओसरल्यावर महाराष्ट्रात विरोधी पक्षांची दाणादाण उडाली, तेव्हाही कोकणाने त्यांना पुन्हा निवडून दिले. याचे श्रेय केवळ वक्तृत्वाला देणे हा त्या मतदारांवर अन्याय होईल.

तक्रारीचे पहिले उत्तर गोव्याच्या प्रश्नात सापडते. सावंतवाडी तालुक्यातील बांदे, सातार्डे, आरोंदे ही गावे पोर्तुगीज सरहद्दीला भिडलेली. तेथील माणसाच्या दृष्टीने परराष्ट्र ही नदीपलीकडे दिसणारी वस्तू होती. दक्षिण रत्नागिरीतील कित्येक कुटुंबांची कुलदैवते गोव्यात, सोयरसंबंध गोव्यात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबवले, सरहद्द बंद केली, आर्थिक नाकेबंदी जारी केली. नाकेबंदीचा निर्णय दिल्लीत झाला. तिचा जाच सालाझारच्या राजवटीबरोबरच अलीकडच्या गरीब गावकऱ्यालाही सोसावा लागला. कुळाच्या देवाला जायला परवाना आणि बहिणीला भेटायलाही परवाना! ज्या खासदाराचे मतदार अशा अवस्थेत दिवस काढत होते, त्याने परराष्ट्र धोरणावर बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

आणि बोलायचे ते कसे, हाही विचार महत्त्वाचा. गोव्यावर बोलताना केवळ आवेशाचे भाषण करणे सोपे होते. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव देऊन वसाहतवादाचा प्रश्नच कागदोपत्री नाहीसा केला होता. उत्तर अटलांटिक करार संघटनेचे सदस्यत्व त्याच्या पाठीशी होते. दादरा आणि नगर हवेलीच्या प्रकरणात १९५५ अखेर पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, आणि एप्रिल १९६० मध्ये निकाल लागेपर्यंत ते प्रकरण लोंबकळत राहिले. गोव्याचा प्रश्न हा दोन देशांमधील जमिनीचा तंटा नसून आशिया आणि आफ्रिका खंडांतील वसाहतवादविरोधी लढ्याचा भाग आहे, ही समाजवाद्यांची मांडणी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली आणि त्याच दिवशी सुरक्षा समितीत माघारीचा ठराव आला. सोव्हिएत नकाराधिकाराने तो अडला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या तिघांनीही भारताच्या बाजूने मत दिले, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. अंगोलात १९६१ मध्ये उठाव पेटला तेव्हा त्याची चर्चा राजापूरच्या मतदाराला परकी का वाटू नये, याचे उत्तर त्या तीन मतांत आहे.

चीनच्या प्रश्नावर परिस्थिती वेगळी होती. तेथे विरोधी पक्षाला सरकारशी झगडावे लागले ते माहितीसाठी. अक्साई चीनमधून गेलेल्या रस्त्याची हकीकत संसदेला १९५९ च्या ऑगस्टअखेर कळली. लोंगजूची चकमक त्याच महिन्यातली आणि कोंगका खिंडीतली ऑक्टोबरमधली. प्रजा समाजवादी पक्षाच्या बाकांवरून तिबेट आणि सीमेविषयी जे इशारे दिले जात होते त्यांची वासलात ‘घाई’ आणि ‘भडकपणा’ अशा शब्दांत लावली जाई. अलिप्ततेचे धोरण नाथ पैंना मान्यच होते. अलिप्तता म्हणजे मौन नव्हे, एवढाच त्यांच्या पक्षाचा आग्रह होता. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि भारत सरकारने सुरक्षा समितीत तटस्थ मतदान केले, तेव्हा हाच आग्रह पुन्हा कसाला लागला. पूर्वाश्रमीचे समाजवादी अशोक मेहता यांनी त्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपद सोडले. पक्ष सोडून गेलेल्या माणसाच्याही अंगी मूळचे संस्कार उरले होते म्हणायचे.

आता कोकणाच्या गाऱ्हाण्यांकडे यावे. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे मनिऑर्डरीवर जगणारा मुलूख. घरातला कर्ता गिरणगावात, म्हातारे आणि बायामाणसे गावात. मुंबईहून बोट, आणि पावसाळ्याचे चार महिने बंदरे बंद झाली की तीही नाही. मग घाट चढून-उतरून एस.टी.ने जे काय होईल ते. रेल्वेची मागणी या अवस्थेतून आलेली होती. रेल्वे मंडळाचे गणित ठरलेले असे : या प्रदेशात मालवाहतूक नाही, म्हणून मार्ग किफायतशीर नाही, म्हणून रेल्वे नाही. रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत आणि उद्योग नाहीत म्हणून मालवाहतूक नाही, हे त्या गणिताचे दुसरे अर्धे पान कोणी उलटून पाहत नसे. नाथ पैंनी हे पान संसदेसमोर पुन्हा पुन्हा उलटले.

त्यांच्या हयातीत काय झाले? रूळ दिव्याहून पनवेलला आणि तेथून आपट्यापर्यंत आले, आणि थांबले. येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. भाषणाने रेल्वे आली नाही. नाथ पैंच्या निधनानंतर १९७१ मध्ये, देशभर इंदिरा गांधींची लाट असताना, राजापूरने प्रा. मधु दंडवते यांना निवडून दिले आणि १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिले. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि आपटे-रोहे मार्गाला चालना मिळाली. तो १९८६ मध्ये पुरा झाला. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचे ५१ टक्के भाग, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६, आणि उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून. संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. पहिल्या विजयानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एका प्रतिनिधीने प्रश्न पेटता ठेवला, दुसऱ्याने सत्तेची अल्प संधी हाती येताच त्याचा उपयोग केला. या दोहोंतील एक गोष्ट वजा केली तर काय उरले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

नाथ पैंच्या घटनादुरुस्ती विधेयकाचा उल्लेख टाळता येणार नाही. गोलकनाथ खटल्याच्या फेब्रुवारी १९६७ मधील निकालाने मूलभूत हक्कांच्या प्रकरणाला हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला. जमीन सुधारणांचे काय होणार ही चिंता होती. नाथ पैंनी एप्रिलमध्येच खासगी विधेयक मांडले. समाजवादी चळवळीतही त्यावर एकमत नव्हते. विधेयक मंजूर होण्याआधी लोकसभा विसर्जित झाली, १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले, आणि त्याच वर्षीच्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत त्यांचा मूळ विचार सरकारने उचलला. पुढे आणीबाणीत घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा जो वापर झाला तो पाहता, शंका घेणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते असेच म्हणावे लागेल. थोर माणसाच्या विचाराची चिकित्सा केल्याने त्याचा अधिक्षेप होत नाही.

त्यांच्या वेळची संसद आज उरलेली नाही. पहिल्या लोकसभेची ६७७ दिवस बैठक झाली होती. २०२४ मध्ये मुदत संपलेल्या सतराव्या लोकसभेची २७४ दिवस. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालेले नाही. पक्षांतरबंदी कायद्याने १९८५ पासून मतदानावर पक्षादेशाचा अंकुश आला आणि १९९३ पासून खासदार निधी आला. समाजमंदिर आणि बस थांबा यांवर नाव कोरून घेण्याची सोय झाल्यावर अभ्यासाचे कष्ट कोण घेणार?

आणि तरीही परराष्ट्र धोरण राजापूर तालुक्याचा पिच्छा सोडत नाही. माडबन-जैतापूरला १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभारण्याचे ठरले त्यामागे भारत-अमेरिका अणुकरार आणि फ्रान्सशी झालेले करार होते. एप्रिल २०११ मध्ये त्या आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस प्राणास मुकला. नाणारला वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आणण्यासाठी २०१८ मध्ये सौदी अरेबिया आणि अबुधाबी येथील सरकारी तेल कंपन्यांशी सामंजस्य करार झाले. आंबा-काजूच्या बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी लढा दिला, तेव्हा २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार आपल्या घटनेनुसार शासनाकडे आहे. संसदेची पूर्वसंमती त्याला लागत नाही. करारावर सही झाल्यानंतर साखरीनाट्याच्या कोळ्याला कळते की आपला समुद्र कोणाला तरी कबूल केला गेला आहे. अशा वेळी तेलाच्या राजकारणाचा आणि अणुदायित्वाच्या कायद्याचा अभ्यास असलेला प्रतिनिधी मिळाला तर तो मतदारसंघाचे काम करतो की परराष्ट्र धोरणावर बोलतो, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

लोकसभेच्या वादवृत्तांचे जुने खंड आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. तालुक्याच्या शाखांनी १९५७ ते १९७० या काळातील नाथ पैंची गोवा, चीन आणि कोकण रेल्वे यांवरील भाषणे तेथून काढून मराठीत आणावीत, आणि पावसाळ्यात कामे थंडावतात तेव्हा नाटे, देवगड, वेंगुर्ले येथील अभ्यासवर्गांत ती वाचून त्यांवर चर्चा करावी. निवडणुकीच्या आधी उमेदवाराला कोणते प्रश्न विचारायचे याची यादी त्या चर्चेतूनच तयार होईल.