दिवा उशिरा का लागतो?

भातलावणीचे दिवस आहेत. आपल्या भोर-वेल्ह्याकडं आभाळ भरून आलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. वस्तीवरच्या सौर दिव्यालाही कधी कधी तसंच वाटतं आणि तो दुपारीच लागतो. उलट संध्याकाळी अंधार पडला तरी थोडा वेळ गप्प असतो. आपण म्हणतो, दिवा बिघडला. पण दर वेळी तसं नसतं.

काही दिव्यांत वरचं पॅनेलच राखण करतं. त्यातून वीज येईनाशी झाली की रात्र झाली असं दिवा समजतो. काही दिव्यांत प्रकाश ओळखणारा छोटा तुकडा असतो, त्याला एलडीआर म्हणतात. उजेडात त्यातून वीज सहज वाहते, अंधारात अडते. उजेड आलेला त्याला डोळ्याचं पातं लवेपर्यंत कळतो. अंधार पुरता कळायला मात्र सेकंदभर किंवा त्याहून जास्त लागतो. टीव्हीच्या रिमोटची खूण ओळखणारा फोटोडायोड याहून कितीतरी चपळ असतो.

मग खांबावरचा दिवा आणखी का थांबतो? तो उशीर बरेचदा मुद्दाम ठेवलेला असतो. नाहीतर वीज चमकली, मोटारसायकलचा झोत पडला, की दिवा विझेल आणि पुन्हा लागेल. दिवा रात्रभर उघडझाप करत असेल, तर त्याचाच उजेड त्या तुकड्यावर पडतोय का, ते दुरुस्तीवाल्याला बघायला सांगा. पॅनेलवर फांदीची सावली किंवा पाला असेल तर तोही काढायला लावा.

आपले डोळेही असेच आहेत बरं का. अंधारातून उजेडात आलं की ते मिनिटा-दोन मिनिटांत सरावतात. उजेडातून अंधारात गेलं, तर पुरतं दिसायला 20 ते 30 मिनिटं लागतात. म्हणजे ट्यूबखालून उठून गोठ्याकडं निघालो की पहिली पावलं आंधळीच पडतात. आणि पावसाळ्यात वाटेवर घोणस, मण्यार, फुरसं असू शकतं.

म्हणून टॉर्च उंबऱ्याच्या आतच लावा. पायात बूट घाला, हातात काठी घ्या. तरीही साप चावलाच, तर घट्ट बांधू नका, कापू नका, चावलेल्या माणसाला चालवू नका. देवर्षीकडं वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

दिवा दोन मिनिटं उशिरा लागला तर चालेल, टॉर्च मात्र आधी लागली पाहिजे.